उजवा कौल, डावा कौल

ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत कामासाठी येणारी खेड्यापाड्यांतली माणसे तुम्ही पाहिली असतील. पिशवीत सातबाराचे उतारे, फेरफाराची नक्कल आणि अर्जाच्या दोन प्रती असतात. यांतल्या पुष्कळ मंडळींनी घर सोडण्यापूर्वी गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातलेले असते. म्हणजे एकाच कामासाठी गाऱ्हाणे देवाकडे आणि अर्ज साहेबाकडे. शहरातल्या शिकलेल्या माणसाला यात विसंगती दिसते. तो विचारतो, "अहो, देवच करणार असेल तर अर्ज कशाला? आणि अर्जानेच होणार असेल तर नारळ कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाच्या आयुष्यात जे घडते ते आधीच ठरलेले असते, की माणूस ते आपल्या इच्छेने घडवतो? दैव मोठे की प्रयत्न? अडीच हजार वर्षे थोर थोर माणसे या प्रश्नावर भांडत आली आहेत. आपल्या घरातल्या म्हणीसुद्धा एकमेकींशी भांडतात. एक म्हणते, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.' लगेच दुसरी म्हणते, 'प्रयत्नांती परमेश्वर.' आज आपण हा वाद ग्रंथांच्या कपाटातून बाहेर काढू आणि आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासावर घासून पाहू.

आपल्याकडे या वादाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे कौल. कोकणातल्या माणसाला कौल समजावून सांगायला नको. पण घाटावरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गावोगावी रीत थोडी निराळी असते, पण देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगांना ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात. गुरव देवापुढे प्रश्न मांडतो. उजवीकडची कळी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार; डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा लाखो माणसांची. पण ती कोणत्याही तिथीला बांधलेली नाही. देवीचा कौल होतो, मग तारीख जाहीर होते, आणि मुंबईचा चाकरमानी गाडीच्या तिकिटासाठी धावतो. आचऱ्याची गावपळण तर त्याहून नवलाची. ठरावीक वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारे गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाते, तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहते आणि पुन्हा कौल मिळाल्यावर घरी परतते.

बाहेरचा माणूस म्हणेल, हा तर निव्वळ दैववाद! अख्खे गाव एका कळीच्या पडण्यावर चालते! पण जरा जवळ जाऊन पाहा. कौलाला उत्तरे दोनच, होय किंवा नाही. म्हणून प्रश्न माणसालाच तयार करावा लागतो. कोणती गोष्ट विचारायची, कधी विचारायची, कोणत्या शब्दांत विचारायची, हे देव सांगत नाही. आणि उत्तर मिळाल्यावरही देव झोपडी बांधत नाही. खांब कोणी रोवायचे, झावळे कोणी आणायची, म्हाताऱ्या आजीला कसे न्यायचे, हे सारे माणसेच ठरवतात. प्रश्नाच्या अलीकडे माणूस आणि उत्तराच्या पलीकडेही माणूसच; मधला एक क्षण तेवढा देवाचा.

यावरून कौलात सारे छानच आहे असे मात्र समजू नका. प्रश्न विचारण्याचा मान गावऱ्हाटीत सगळ्यांना सारखा नव्हता. मानकऱ्यांनी विचारायचे आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. काहींना तर देवळाच्या पायरीपाशीही उभे राहू दिले जात नसे. ज्याला प्रश्नच विचारता येत नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येते, आणि त्यालाच तो आपले नशीब म्हणतो. हे लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीकडे यायचे आहे.

या 'कौल' शब्दाचाही इतिहास मोठा मौजेचा आहे. मूळ शब्द अरबी. अर्थ बोल, वचन. शिवकालातल्या कागदपत्रांत कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले लेखी अभयवचन. लढाईने किंवा दुष्काळाने गाव उजाड पडले, रयत परागंदा झाली, की सरकार कौल देऊन तिला परत बोलावी. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली वर्षे सारा कमी, पुढे तो पायरीपायरीने चढता. त्याला इस्ताव्याचा कौल म्हणत. येथे कौल देणारा देव नव्हे, राजा. आणि आज? निवडणूक झाली की वर्तमानपत्रे लिहितात, 'जनतेचा कौल'. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला हा कौल देण्याचा हक्क आहे. आधी देवाचा, मग राजाचा, आता तुमचा-माझा. तीनही कौल आज आपल्या बोलण्यात शेजारी शेजारी नांदतात. शब्द तोच राहिला, पण देणारा हात बदलत गेला.

आता थोडे मागे जाऊ. इसवी सनापूर्वी पाचव्या-सहाव्या शतकात, बुद्ध आणि महावीर यांच्याच काळात, मक्खली गोसाल नावाचा एक आचार्य होऊन गेला. त्याच्या पंथाला आजीविक म्हणत. त्याचे मत असे की सारे काही नियतीने ठरलेले आहे. माणसाच्या बळाने, पराक्रमाने काडीचाही फरक पडत नाही. सुताची गुंडी फेकली तर सूत संपेपर्यंत ती उलगडत जाते, तसे प्रत्येक जीवाचे भ्रमण संपायचे तेव्हाच संपते. हे मत वेड्यागबाळ्याचे नव्हते. सम्राट अशोकाने बिहारात बराबरच्या डोंगरात या पंथाच्या साधूंसाठी गुहा दिल्या, त्या आजही आहेत. पण बुद्धाने या मतावर कडाडून टीका केली. काहीच आपल्या हातात नसेल तर चांगले आणि वाईट यांतला भेदच संपला, मग कोणी कशासाठी झटायचे? आजीविक पंथ पुढे नामशेष झाला.

आपल्या परंपरेने मधली वाट धरली. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना हाच प्रश्न विचारतो: दैव श्रेष्ठ की पुरुषप्रयत्न? भीष्मांच्या उत्तरातला दाखला शेतकऱ्याला चटकन कळेल असा आहे. दैव म्हणजे बी आणि प्रयत्न म्हणजे शेत; शेतावाचून बी वाया जाते. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर हिशेबच मांडला आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. आपल्या भाताच्या शेतीला हे लावून पाहा. मळा, शेतकरी, नांगर-जोत, चिखलणी-लावणीची मेहनत, आणि पाचवा पाऊस. पाऊस नाही तर चौघे लंगडे, हे खरे. पण पाऊस पडला आणि चौघे झोपले, तर मळ्यात तणच उगवणार. पाचव्या भागीदाराला नाकारू नये, आणि त्याला सगळे शेतही लिहून देऊ नये.

याचा आपल्या जिल्ह्यातला साक्षीदार समुद्रात उभा आहे. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. आधी मुहूर्त पाहिला, किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली, समुद्राला नारळ दिला. म्हणजे देवाला विचारले. पण बेट निवडताना खडक पाहिला, भोवतालचे पाणी पाहिले, जहाजांची वाट पाहिली. पायाच्या दगडांत शिसे ओतले, असे परंपरा सांगते. कामाला सुमारे तीन वर्षे लागली. मुहूर्त चांगला होता म्हणून शिसे कमी ओतावे, असा विचार कोणी केला नाही. साडेतीनशे पावसाळे अंगावर घेऊन तट अजून उभा आहे.

पण पुढे मराठी राज्य गेले आणि त्याबरोबर धीरही खचला. 'आपले दैवच फिरले,' हे वाक्य घराघरांत ऐकू येऊ लागले. या काळात जे लेखक जागे झाले, त्यांनी पहिला हल्ला याच वाक्यावर केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रे लिहिली. दैवावर हवाला टाकून हातपाय न हलवणाऱ्या वृत्तीवर त्यांनी जे कोरडे ओढले, ते आजही झोंबतात.

यानंतर येतात लोकमान्य टिळक. रत्नागिरीचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांनी सांगितले ते असे: न्यायासनाहून वरच्या शक्ती जगाचे नियमन करतात, आणि आपल्या दुःखभोगानेच हाती घेतलेले कार्य पुढे जावे अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल. शब्द वरवर पाहता दैववाद्याचे वाटतात. पण हाच माणूस मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहितो, आणि त्यातले दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या प्रश्नालाच वाहतो. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१५ साली.

शिक्षक बंधुभगिनींनी ते प्रकरण जरूर वाचावे. त्यातले सार साध्या भाषेत असे. एकदा कर्म केले की त्याचे फळ चुकत नाही. कर्मातून कर्म अशी साखळी चालू राहते. आपली बुद्धी, आपल्या वासना, आपला स्वभाव हेही त्या साखळीतलेच. मग माणूस बाहुले झाला काय? टिळक म्हणतात, नाही. शरीर आणि बुद्धी बांधलेली असली तरी आत्मा मुळात स्वतंत्र आहे, आणि तो बुद्धीला आतून चांगल्याकडे ढकलू शकतो. हे एका दिवसात होत नाही. अभ्यासाने, थोडे थोडे होते. पण थोडे केलेलेही वाया जात नाही. विचार करा, हे कोण लिहीत होते? ज्याला खोलीबाहेर पडायचे स्वातंत्र्य नव्हते तो. बाहेरची कडी परक्याच्या हातात होती, पण बसल्या जागी काय लिहायचे ते त्याच्या हातात होते.

टिळकांना आत्मा हा शब्द वापरता आला. विज्ञानाला तो वापरता येत नाही. फ्रेंच गणिती लाप्लास याने १८१४ साली म्हटले की विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरची बले ज्या बुद्धीला कळतील, तिला पुढचे सारे भविष्य गणिताने सांगता येईल. गोसालाची सुताची गुंडी ती हीच, फक्त गणिताच्या भाषेतली! विसाव्या शतकात अणूच्या आतल्या जगाचा अभ्यास झाला आणि हा ठामपणा ढळला. पुढे १९८३ साली बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'आता हात हलवावा' ही इच्छा माणसाला जाणवण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली असते, असे त्यात दिसले. पुष्कळांनी म्हटले, संपले इच्छास्वातंत्र्य! पण खुद्द लिबेटचे म्हणणे निराळे होते. उमटलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी थोपवण्याची शक्ती माणसाजवळ उरते, असे तो मानी. आपल्या भाषेत सांगायचे तर मन स्वतःलाच डावा कौल देऊ शकते. मारायला उचललेला हात खाली घेता येतो. या प्रयोगाच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण वर्गात छडीकडे गेलेला हात ज्याने कधी मागे घेतला आहे, त्या शिक्षकाला लिबेटचे म्हणणे अनुभवाने पटेल.

आता त्या मुख्य गोष्टीकडे येतो. दैव आहे की नाही, याचा निकाल मी लावू शकत नाही. पण दैव हा शब्द इतिहासात कोणी, कोणासाठी, कशाकरता वापरला, हे पाहता येते. दोन दाखले घेऊ.

पहिला दाखला रोगाचा. ज्या रोगाला आपण देवी म्हणत होतो, त्याचे नावच देवतेचे. पोर दगावले तर 'देवीने नेले' असे म्हणून आई पदर डोळ्यांना लावी. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचली. हिंदुस्थानातले हे पहिले लसीकरण. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे लस टोचणारे माणसांच्या दंडावर देवी काढत हिंडले. कोणी दार लावून घेतले, कोणी पोरे माळ्यावर दडवली. भारतातला देवीचा अखेरचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. तुमच्या घरात पन्नाशी-साठीपुढचे कोणी असेल तर त्यांच्या दंडावरचा तो गोल व्रण पाहा. जे कपाळावर लिहिलेले समजत होतो, ते दंडावरच्या एका टोचणीने पुसले गेले. मग आधी गेलेल्या लाखो मुलांचे ते दैव होते, की आपले अज्ञान?

दुसरा दाखला जमिनीचा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. सिंधुदुर्ग जिल्हा त्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. कुळाने राबायचे, पिकातला मोठा वाटा खोताच्या कोठारात घालायचा, वर वेठही करायची. बाप कूळ तर मुलगा कूळ. विचारले तर उत्तर ठरलेले: 'आमच्या नशिबात हाच लिवलेला.' पण ते लिहिले होते कोणी? सटवाईने नव्हे, ते खोताच्या वहीत आणि सरकारी दप्तरात माणसांनी लिहिलेले होते. ज्या दिवशी हे उमगले त्या दिवशी वारा फिरला. अलिबागजवळ चरी गावी १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला. पोटाला चिमटा घेतला पण शेत कसले नाही. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि कूळकायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. अंमलात अडचणी आल्या, खटले चालले. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे नशीब कायद्याच्या कलमाने बदलता येते, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

दोन्ही दाखल्यांत एक गोष्ट सारखी आहे. दैव हा शब्द दोन निराळ्या जागी वापरला जातो. घरात मूल गेले आणि आई म्हणाली, 'माझे दैव', तर त्या शब्दाने तिला धीर येतो. तो तिच्याकडून हिसकावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण पोटभर जेवलेला माणूस उपाशी माणसाला म्हणाला, 'तुझे दैव', तर तोच शब्द कुलूप होतो, आणि किल्ली बोलणाऱ्याच्या कनवटीला असते.

म्हणून मला एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. दैव हा शब्द झालेल्या गोष्टीसाठी वापरावा, व्हायच्या गोष्टीसाठी नव्हे. आणि तो स्वतःसाठी वापरावा, दुसऱ्यासाठी कधीही नव्हे. वादळात होडी गेली, सारे उपाय करून झाले, तर 'दैव' म्हणून पुन्हा जाळे विणायला बसावे. पण वादळाचा इशारा असताना होडी लोटताना ते म्हणू नये. आपल्या गेलेल्या वर्षांविषयी म्हणावे. शेजाऱ्याच्या मुलीच्या येणाऱ्या वर्षांविषयी म्हणू नये. त्या कचेरीत आलेल्या माणसाचेही मग बरोबरच ठरते. गाऱ्हाण्याने मन शांत केले, अर्जाने हात चालवला. गाऱ्हाणे घालून अर्ज न करता घरी बसला असता, तर मात्र चुकला असता.

शिक्षकांना याहून थोडे अधिक सांगायचे आहे. मूल जन्मल्यावर सटवीच्या पूजेला कित्येक घरांत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहून जाते अशी समजूत. सकाळी उठून पाहिले तर कागद कोराच असतो. सहा वर्षांनी ते मूल तुमच्या वर्गात येऊन बसते. 'याच्या डोक्यात काही शिरायचे नाही, याच्या नशिबातच शिक्षण नाही,' हे वाक्य तुमच्या तोंडून गेले, तर त्या कोऱ्या कागदावर पहिली ओळ तुम्ही लिहिली असे होईल. आणि मुलाला वाटेल की ती सटवाईनेच लिहिली. ते वाक्य ओठांवर येईल तेव्हा स्वतःला डावा कौल द्या, आणि मुलाच्या हातात लेखणी द्या.